सुहास थांबायचा म्हणून

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी बूट घालत होतो, सुहासकडेच जायला, तेव्हा त्याच्या आईचा फोन आला. "विनय, निघू नकोस... म्हणजे, लवकर ये. सुहास गेला रे." काकू एका दमात बोलल्या. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्याने. या गोष्टीला आता सात आठवडे होतील. रविवारी सकाळी मी अजूनही बूट घालतो, आणि मग काढून ठेवतो.

या पुरवणीत गेली काही वर्षं मी व्हिडिओ गेम्सबद्दल लिहीत आलो. वाचकांना कधी सांगितलं नाही ते आज सांगतो. त्यातला एकही गेम मी खेळलेलो नाही. माझ्या बोटांना ते जमत नाही. आम्हा दोघांचेही वडील दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत, मी आर. के. पुरमचा, तो लक्ष्मीबाई नगरचा. त्यांच्या क्वार्टरमध्ये त्याने पहिल्यांदा माझ्या हातात कंट्रोलर दिला आणि पाचच मिनिटांत काढून घेतला. "तू बस यार, बघ नुसता." तेव्हापासून तो खाली गादीवर बसून खेळायचा आणि मी मागे वेताच्या मुढ्यावर बसून बघायचो. पुढे त्याने नोएडात फ्लॅट घेतला, तेव्हा तो मुढाही तिकडे गेला. मी लिहायला लागलो तशी माझ्या मांडीवर वही आली, एवढाच काय तो फरक. "नाव तुझं, अंगठे माझे," तो म्हणायचा.

खेळता खेळता तो थांबायचा. एखाद्या पडक्या देवळाशी, नदीच्या वळणावर, कुणाच्या तरी रिकाम्या स्वयंपाकघरात. पडद्यावरचा माणूस नुसता उभा राहून श्वास घेत असायचा आणि मी लिहून घ्यायचो : चुलीवर पातेलं, भिंतीला टेकवलेली सायकल, खिडकीत वाळत घातलेलं फडकं. "झालं बघून?" तो मागे न वळता विचारायचा. मी "हं" म्हटलं की, "चलो."

ती शांतता माझ्या लेखांत उतरली. गेम म्हणजे नुसती मारामारी नव्हे, तिथे माणसाला उभं राहायला, बघायला सवड असते, असं मी पुन्हा पुन्हा लिहिलं. ते माझं निरीक्षण आहे असं मला वाटायचं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. एकदा एका वाचकाचं पत्र आलं : "सर, त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिघं अंगावर येतात. तुम्हाला पातेलं दिसलं कधी?" मी सुहासला ते वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला. "त्याला कळव, लेखकाला कोणी हात लावत नाही." मीही हसलो. पुढे काही विचारलं नाही...

गेल्या दिवाळीत, एकदाच, तो म्हणाला, "एकदा लिही ना, खेळतो कोण ते. आईला पेपरात नाव दाखवीन." मी म्हणालो, लेखाचा सूर बिघडेल. "अच्छा, सूर," तो म्हणाला आणि पडद्याकडे वळला. त्या दिवशीही तो माझ्यासाठी थांबत राहिला, नेहमीसारखाच.

मागच्या रविवारी मी बूट काढले नाहीत, नोएडाला गेलो. अर्धवट राहिलेल्या गेमवरचा लेख पुरा करायचा आणि त्यावर आधी त्याचं नाव घालायचं, एवढंच मनात होतं. गादीवर त्याच्या जागी बसलो. कंट्रोलर त्याच्या अंगठ्यांखाली झिजून गुळगुळीत झालेला. त्याने जिथे सोडलं होतं तिथून पुढचं दार उघडलं. आत अंगण, मधोमध झाड. तीन पावलांत मी मेलो. पुन्हा गेलो, पुन्हा मेलो. किती वेळा ते आठवत नाही.

काकू चहा घेऊन आल्या आणि मुढ्यावर बसल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "हे असं नसतं रे. शनिवारी तो आधी एकटा खेळून ठेवायचा. ती सगळी माणसं मारून टाकायचा. मी विचारायची, उद्याचं आज कशाला? तर म्हणायचा, उद्या विनय येणार, त्याला नीट दिसलं पाहिजे. त्या शनिवारी मात्र दमलोय म्हणाला आणि पडून राहिला."

म्हणजे ती सवड कुठल्याच गेममध्ये नव्हती. इतकी वर्षं मी खेळांबद्दल म्हणून जे लिहिलं ते सुहासबद्दल होतं, आणि त्यात सुहास कुठेच नव्हता. ते सगळे गेम सुहास चिंदरकर खेळला. हे आज छापून येईल. काकू वाचतील. ते त्यांना दाखवायला आतुर असलेला माणूस मात्र उरलेला नाही, आणि ही दुरुस्ती आता कुणाच्याच उपयोगाची नाही.

"त्या झाडाला काय लागलंय रे?" काकूंनी विचारलं. "फळं की दिवे?"

मी दार उघडलं, आत गेलो, थांबायचा प्रयत्न केला. पडदा लाल झाला.

"दिसलं नाही मला," मुढ्यावरून काकू म्हणाल्या.