डाव्या टायरचा दोष आणि महादूमामांची किल्ली

१. आपल्या सोसायटीतल्या एका ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचं पुढचं डावं टायर आतल्या कडेने गुळगुळीत झालं.
२. चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, ते दोनदा तपासलं. मशीनवर आकडे बरोबर आले.
३. मग दोष ड्रायव्हर महादूमामांचा ठरला. मालकांनी किल्ली काढून घेतली आणि ‘हा गाडी दामटतो’ असं सोसायटीच्या याच ग्रुपवर लिहिलं.

आज गाडी अक्कलकोट रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आली. मामाही मागून आले.

वळणं जोरात घेतली तर टायरची बाहेरची कड झिजते. इथे आतली झिजली होती. मी चाकामागच्या आर्मला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला, लोखंडी टॉमी लावून रेटलं, तर तो सहज सरकला. त्याच्या सांध्यातला रबरी बुश फाटला होता. ब्रेक दाबला की चाक बाहेर वळायचं आणि टायर आतून घासायचं.

“मग ते मशीन लई खोटारडं की, ताई!” मामा म्हणाले.

“खोटारडं नाही. ते उभी गाडी मोजतं; ब्रेक लागल्यावर चाक कुठे वळतं, ते त्याला दिसत नाही.”

“म्हंजे मी न्हाय?”

“तुम्ही नाही, मामा.”

फाटका बुश मामांनी रुमालात बांधून नेला.

मालक, आरोप इथे झाला होता, म्हणून निकालही इथेच लिहिला. मामांना किल्ली कधी परत देताय, ते शनिवारपर्यंत इथेच कळवा.