पळायाचं ठरलंय

शामकांत थोरातचा विश्वास म्हणाल तर दोनच गोष्टींवर. स्वतःचं नाक आणि स्वतःचा उजवा कान. डावा कान इंजिनरूमने कधीच खाऊन टाकला होता. उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या पोटात काढलेला चीफ इंजिनियर. तेल कुठे झिरपतंय, बेअरिंग कुठे तापतंय हे त्याला आधी वासावरून कळायचं, मग आवाजावरून, आणि माणसं काय सांगतात ते सगळ्यात शेवटी. ज्युनियर म्हणाला, "सर, सगळं ओके आहे," की हा टॉर्च घेऊन खाली उतरलाच म्हणून समजा. जहाजावर या स्वभावाचं कौतुक होतं. घरात त्यालाच त्याची बायको सुमित्रा खोड म्हणायची.

आता तो कायमचा घरी आला होता, सिंगापूरला, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये. कंपनीने किनाऱ्यावरची नोकरी दिली. बंदरात लागलेलं जहाज तपासायचं आणि संध्याकाळी जेवायला घरी. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण घरी येऊन पाहतो तर घर त्याच्याविना छान चाललेलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला की मुलगी अनुजा म्हणायची, "बाबा, ती माझी अभ्यासाची आहे." स्वयंपाकघरात गेला की सुमित्रा विचारायची, "काय हवंय?" काही नको असलं तरी माणसाने स्वयंपाकघरात जाऊ नये का? पण सुट्टीवर आलेल्या माणसाचे लाड होतात. रोजच्या माणसाला नुसतं सरकून वाट देतात. हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

एका मंगळवारी जहाज लवकर उरकलं आणि शामकांत दुपारीच घरी आला. दाराबाहेर बूट काढत होता, तेवढ्यात आतून सुमित्राचा आवाज आला. फोनवर बोलत होती. त्याने सवयीने उजवा कान दाराकडे केला.

"पळायाचं ठरलंच आता," सुमित्रा म्हणत होती. "ह्यांना अजून काही बोलले नाहीये. आत्ताच सांगितलं तर नुसता घोळ घालतील."

शामकांत हातात बूट धरून तसाच उभा राहिला. त्याचं गाव कराडजवळचं. त्याची आई 'पळायचं' असं कधी म्हणाली नाही, कायम 'पळायाचं'. आणि सुमित्रा पुण्याची, शुद्ध बोलणारी. सासरी चार दिवस गेली तरी तिने तिथली बोली तोंडात येऊ दिली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून त्याच्या आईचा शब्द आला, आणि तो पळून जाण्यासाठी.

तो खाली उतरला, इमारतीच्या तळाशी मोकळ्या सोडलेल्या व्हॉइड डेकच्या दगडी बाकावर बसला आणि नेहमीच्या वेळेलाच घरी गेला. सुमित्राने चहा दिला. "आज दमलात?" म्हणाली. त्याने मान हलवली. चहाच्या कपावरून तो तिच्याकडे बघत होता, आणि ती काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने भेंडी चिरत होती.

कुठेतरी पाणी मुरतंय हे कळल्यावर शामकांत थांबणारा नव्हता. सुमित्रा भाजी आणायला गेली की हा कपाट उघडायचा. आपल्याच घरात चोरासारखं वागायची त्याला लाज वाटायची, पण हात थांबत नव्हते. पहिल्या दिवशी सापडला नवा गॉगल, डोळ्यांना बाजूनेही घट्ट बसणारा. मग गेल्या वर्षी इंडोनेशियातल्या जळत्या जंगलांचा धूर आला होता तेव्हाचे तोंडाला लावायचे मास्क. यंदा धूर नाही, काही नाही, तरी धुऊन घडी करून ठेवलेले. मग घोट्यापर्यंत येणारे बूट. सुमित्राने जन्मात चपलेपलीकडे काही घातलं नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, ज्या पाकिटात घरचे तीन पासपोर्ट असायचे, त्यात दोनच निघाले.

दोन. त्याचा आणि अनुजाचा.

गॉगल, मास्क, बूट. शामकांतच्या डोक्यात हिशेब लागला: मोटारसायकल. मोटारसायकलवर मागे बसून पूल ओलांडला की मलेशिया. आणि ओळखीत मोटारसायकल होती कोणाकडे, तर सेरंगूनच्या हेमचंद्रकडे. पस्तिशीतला, जहाजावर सेकंड इंजिनियर, लग्न न झालेला, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तबला वाजवणारा. वहिनी, वहिनी करत सुमित्राच्या हातची भाकरी खाणारा. शामकांतला त्याचं तबल्यावरचं बोट न् बोट आठवायला लागलं.

शनिवारी तो हेमचंद्रच्या दारात उभा. "इकडूनच चाललो होतो," म्हणाला. बुकित बातोकचा माणूस शहराच्या दुसऱ्या बाजूच्या सेरंगूनवरून चालला होता म्हणे. हेमचंद्र बिचारा खूश झाला, पोहे केले, कोथिंबीरसुद्धा घातली. शामकांत पोहे चिवडत घर न्याहाळत होता. कोपऱ्यात हेल्मेट होतं. दोन हेल्मेट होती.

"दोन कशाला?" त्याने विचारलं.

"मागे कोणी बसलं तर, सर. इथे पोलीस धरतात," हेमचंद्र म्हणाला. मग डोक्यावर हात मारून म्हणाला, "बरं झालं आलात. वहिनींचं सामान घेऊनच जा. आई पुण्याहून आली, तिने आणलंय." आणि आतून त्याने एक जड पिशवी आणून ठेवली.

शामकांतने तिथेच गाठ सोडली. आत रांगोळी होती. कुंकवासारखी लाल, किलोकिलोच्या पुड्या.

"एवढी रांगोळी कशाला?"

"वाळवंटात काढायला," हेमचंद्र म्हणाला, आणि समोरच्याचा चेहरा बघून त्याचा आवाज बसला. "तुम्हाला माहीत नाही का, सर? अमेरिकेला चालल्यात ना त्या."

घरी येऊन शामकांतने पिशवी टेबलावर ठेवली. सुमित्राने पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि गॅस बंद करून समोर बसली. तिने सगळं सांगितलं. चित्रकलेच्या शाळेत तिच्याबरोबर असलेली मधुवंती आता कॅलिफोर्नियात असते. तिकडे वाळवंटात दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी मोठा कलेचा मेळा भरतो. हजारो माणसं तंबू ठोकून राहतात, काय काय बांधतात, आणि शेवटी लाकडाचा एक उंच पुतळा जाळून घरी जातात. मधुवंतीने तिला रांगोळी काढायला बोलावलं होतं. आपल्या दारातली नाही, दहा घरांएवढी. पासपोर्ट व्हिसासाठी दिला होता. "मिळाला तर सांगू, नाही मिळाला तर कशाला उगाच, असं म्हटलं," ती म्हणाली. "परवा मिळाला. सोमवारी पासपोर्ट आणला की सांगणारच होते."

म्हणजे हेमचंद्र सुटला. पण शामकांतचा संशय सुटला नाही, त्याने फक्त जागा बदलली. पुतळा जाळायला बांधतात? जहाजावर आगीची घंटा नुसती सरावाला वाजली तरी माणसं हातातलं टाकून धावतात, आणि ही माणसं मजेसाठी आग लावतात? शिवाय घरात बसणाऱ्या बाईला एवढ्या लांबून कोण बोलावतं, आणि का? आणि रांगोळीसाठी चालली होती, तर फोनवर पळायाचं कशाला म्हणाली? हे शेवटचं मात्र त्याने विचारलं नाही. बाकी सगळं दहादा विचारलं.

रविवारी प्रबोध आणि संजीवनी जेवायला आले. प्रबोध पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत मॅनेजर. संजीवनी त्याची बायको, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टर. आमटीभातावर विषय निघाला आणि प्रबोधला चेवच आला.

"शामकांतराव, मी इंटरनेटवर फोटो पाहिलेत," तो म्हणाला. "अंगाला चिखल फासून नागवे फिरतात हो लोक. आपल्या वहिनी तिथे शोभतात का?"

"कुंभमेळ्यात काय सुटाबुटात असतात?" संजीवनी म्हणाली. "मी तर म्हणते, खुशाल जा. पाणी भरपूर प्या, एवढंच."

"तो धर्म झाला. ही नुसती थेरं."

"आणि होळीला आपण काय करतो मग? शेणाच्या गोवऱ्या थापतो, त्या जाळतो आणि वर बोंब मारतो."

"पण बायको एकटी जाते?" शामकांत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच चढलेला वाटला. "आणि तिकडे वारा किती असतो. रांगोळी तासभर टिकायची नाही. कशासाठी एवढा खटाटोप?"

सुमित्रा पोळी वाढत होती. "इथे तरी कुठे टिकते?" ती म्हणाली. "दिवाळीला खाली व्हॉइड डेकमध्ये काढली होती, तर झाडूवाल्याने मी रंगांचे डबे वर नेऊन येईपर्यंत पुसली. तिथे निदान चार माणसं बघतील."

अनुजाने ताटातून मान वर केली. "लेट हर गो लाह, बाबा," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "यू वेंट एव्हरी इयर."

प्रबोधने ताक मागितलं.

पाहुणे गेले. अनुजा मैत्रिणीकडे गेली. सुमित्रा भांडी घासत होती आणि शामकांत शेजारी उभा राहून पुसत होता. पुसलेलं ताट तो परत परत पुसत होता. शेवटी ताट ठेवून म्हणाला, "तू परत येणार ना?"

"म्हणजे?"

"त्या मंगळवारी मी लवकर आलो होतो. दाराबाहेर होतो. तू फोनवर म्हणालीस, पळायाचं ठरलं. ह्यांना बोलले नाहीये."

सुमित्राने नळ बंद केला. मग तिला हसू फुटलं, आणि फेसाचे हात तसेच धरून ती ओट्याला टेकली. "अहो, प्लाया," ती म्हणाली. "प्लायाचं ठरलं. त्या मेळ्याच्या जागेला प्लाया म्हणतात. तलाव सुकून झालेली सपाट जमीन. प्ला-या. मधुवंती तसंच म्हणते, म्हणून मीही. पळायाचं कसलं, मी काय तुमची आई आहे?"

शामकांत हसला नाही. तेव्हा तिचंही हसू थांबलं.

"म्हणजे तेव्हापासून तुम्ही असं समजून माझ्या हातचं जेवत होतात?" तिने विचारलं. "आणि एका शब्दाने विचारलं नाहीत?"

"कसं विचारू? विचारलं असतं आणि हो म्हणाली असतीस तर?"

सुमित्राने नळ सोडला, हात धुतले, आणि पदराला पुसत बसली.

"तुम्ही जहाजावर जायचात तेव्हा मी तुमच्या हातावर दही ठेवायचे," ती म्हणाली. "इथून तिथून सगळं विचारायचे. गोळ्या घेतल्या का, स्वेटर घेतला का. परत याल ना, एवढं मात्र कधी विचारलं नाही. मला वाटायचं मीच एकटी भित्री."

एवढी वर्षं, दर वेळी, आणि शामकांतला पत्ता नाही. कुठल्याही यंत्रात नुसतं खुट्ट झालं तरी ऐकणारा माणूस, आणि घरातलं हे त्याने ऐकलं नव्हतं. तो खाली मान घालून पुढचं ताट पुसायला लागला.

असं नाही की त्यानंतर त्याचा संशय गेला. निघायच्या दिवशी त्याने बॅगेची कुलपं तीनदा ओढून पाहिली. मधुवंतीचा फोन नंबर पाठ केला. हेमचंद्रने चांगी विमानतळावर सोडायची तयारी दाखवली, तर म्हणाला, टॅक्सी बरी. विमानतळावर भोवती माणसांची रीघ होती, तिथेच त्याने खिशातून स्टीलची डबी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, त्याला उघडेना. चीफ इंजिनियरला दह्याची डबी उघडेना. शेवटी अनुजाने उघडून दिली. त्याने चमच्याने सुमित्राच्या हातावर दही ठेवलं, थोडं सांडलं, आणि ती ते तिथेच सगळ्यांसमोर चाटून रुमालाला हात पुसून मोकळी झाली.

"मास्क घेतलेस?" त्याने विचारलं.

"घेतले."

"आगीच्या जवळ उभी राहू नको. वारा पाठीकडून आहे ना बघायचं."

"बघते."

आणखी काहीतरी बोलायचं होतं. सापडेना. तेवढ्यात स्पीकरवरून विमानाची घोषणा झाली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पळ आता."

सुमित्रा थबकली. मग तिच्या डोळ्यांत ते हसू परत आलं. ती वळली, पासपोर्ट दाखवून काचेच्या पलीकडे गेली. पलीकडून एकदा मागे वळली, हात वर केला आणि काहीतरी म्हणाली. मधे काच, वर स्पीकर, शेजारी कोणाचं तरी पोर रडत होतं. शामकांतला ओठ हललेले तेवढे दिसले. आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली.

"काय म्हणाली?" त्याने अनुजाला विचारलं.

"येते म्हणाली, बाबा."

"येते म्हणाली की जाते?"

"येते."

"नक्की?"

"शुअर लाह."

"पुन्हा सांग," शामकांत म्हणाला, आणि उजवा कान तिच्याकडे केला.