कोवळं तोडलेलं फळ

दहा मे. गच्चीवर बसून मी मिरच्यांचे देठ खुडत होते. ऊन चढायच्या आत दोन्ही पाट्या संपवून नारायणगावला डंकावर कुटायला न्यायच्या होत्या. मे महिन्यात डंकवाल्याकडे नंबर लागतात, आणि नंबर चुकला की तो कुणाचं ऐकत नाही.

तेवढ्यात खोडदहून भावजयीचा फोन आला. हाताला मिरची होती, म्हणून कोपरानं स्पीकर दाबला.

"वन्सं, ह्यांना काल दुपारपासनं लघवीच झाली न्हाई. आन् म्हणत्यात, औषध चालू हाय, उतार पडंल."

"कसलं औषध?"

"मला कुठं सांगत्यात! मिक्सरमधी कायतरी हिरवं फिरवत्यात. भांडं पन धुऊ देत न्हाईत."

मिरच्या तशाच ठेवल्या. साबणानं हात धुतले, पण मिरची साबणाला दाद देत नाही. स्कूटर काढली.

माझा धाकटा भाऊ शेती करतो. टोमॅटो, त्याच्या आधी काकडी. त्याला मुतखड्याचा त्रास तरुणपणापासून आहे आणि त्यापायी त्याची डावी किडनी काही वर्षांपूर्वी काढावी लागली. आता उजवीत खडा होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. याचं उत्तर ठरलेलं: टोमॅटोचा तोडा संपला की बघू. खरं कारण तोडा नव्हतं. "आक्का, मागच्या टायमाला आत गेलो तवा दोन व्हत्या, बाहेर आलो तवा एक. आता एक घेऊन आत गेलो तर काय घेऊन बाहेर येऊ?" हे तो हसत हसत म्हणाला होता. मी हसले नव्हते.

एप्रिलच्या अखेरीस मी मसाल्याचं सामान आणायला जुन्नरला निघाले, तर तोही गाडीत बसला. आमचे नेहमीचे अत्तार जुन्नरच्या पेठेत बसतात. दगडफूल, नागकेसर, मायपत्री यांच्या बरण्यांच्या मागे त्यांचं काष्ठौषधांचं कपाट आहे. मी दगडफूल निवडत असताना भावानं हळूच विचारलं, "चाचा, बालमखिरा हाय का?"

चाचांनी कागदाची पुडी काउंटरवर ठेवली. आत लाकडासारख्या कडक, तपकिरी चकत्या होत्या. "खड्यासाठी पाहिजे? सोनोग्राफी केली?"

"केली."

"डॉक्टर काय बोलला?"

"आप्रेशन."

"मग इकडं कशाला आला? माझ्याकडं टेबल नाही, भूल नाही." दुकानातलं आणखी एक गिऱ्हाईक हसलं. चाचांनी पुडी बांधायला घेतली आणि सहज विचारलं, "दोन्ही किडन्या चांगल्या आहेत ना?"

भाऊ बरण्यांकडे बघत राहिला. मी म्हणाले, "एकच आहे."

चाचांचे हात थांबले. त्यांनी पुडी उचलून परत कपाटात टाकली. "एकवाल्याला मी देत नाही. बाई, तुमचं दगडफूल किती करू?"

"अवो चाचा, आफ्रिकेतली लोकं घेत्यात. मोबाईलवर दाखवलंय."

"मग आफ्रिकेत जाऊन घे, राव. मी विकतो, हकीम नाही."

परतताना तो नारायणगाव येईपर्यंत टोमॅटोच्या भावाचंच बोलत होता. मला वाटलं, विषय संपला.

बालमखिऱ्याचं झाड आमच्या भागातच आहे हे मला माहीत होतं. वारूळवाडीकडून नारायणगावला जाताना कालव्याच्या जुन्या कॉलनीत, बंद पडलेल्या बंगल्यासमोर ते उभं आहे. कुण्या हौशी साहेबानं लावलेलं. खोडावर पत्र्याची पाटी होती: ब्रह्मदंड, मूळ देश आफ्रिका. पाटीचे खिळे खोडानं गिळले आणि आता अर्धीच अक्षरं दिसतात. आमच्याकडे त्याला सोट्याचं झाड म्हणतात. दोऱ्यांसारख्या लांब देठांना टांगलेली हातभर फळं, राखी रंगाची, वर्षभर लोंबत असतात. वारा असला की दोऱ्या हलतात, फळं मात्र जड असल्यामुळे नुसती फिरतात. फुलं काळपट लाल, रात्री उमलणारी. सकाळी खाली त्यांचा खच पडतो आणि त्याला वास येतो, ओलं फडकं कोंडून ठेवल्यासारखा. वाघळं असतात. त्या झाडाखाली गाडी कुणी लावत नाही. एकदा फळ पडून एका जीपच्या टपाचा पार खळगा झाला होता.

फोन आला त्या दिवशी मी तिथून भरधाव निघाले होते, पण नजर वर गेली आणि ब्रेक दाबला.

खालच्या फांद्यांच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. दोरी आहे, टोकाला काही नाही, अशा कितीतरी. फळं गळलेली नव्हती, कापलेली होती. प्रत्येक काप तिरका, एका झटक्यात मारलेला, काकडीच्या तोड्याला मारतात तसा. आणि मोठी, जून, राखी फळं जागच्या जागी लोंबत होती. हाताशी आलेलीसुद्धा सोडली होती. नेली होती ती फक्त बारकी, हिरवी.

तिथं उभी असतानाच मला कळलं की हे कुणी केलंय. आमच्या घरात जून माल कुणी तोडत नाही. काकडी असो, दोडका असो, गवार असो, कोवळं तेवढं तोडायचं. जून झालेलं व्यापारी नखानं टोचून बाजूला फेकतो. भावानं मला मोबाईलवर दाखवलेल्या व्हिडिओत एक हिंदी बोलणारा माणूस "खिरा, खिरा" म्हणत होता. खिरा म्हणजे काकडी. माझ्या भावानं काकडी तोडावी तसा तोडा केला होता.

चाचांच्या पुडीतल्या चकत्या पूर्ण पिकलेल्या फळाच्या होत्या आणि खडखडीत वाळलेल्या होत्या. नंतर मी जे वाचलं त्यात हेच होतं. आफ्रिकेतही जुन्या पद्धतीत वाळल्या फळाची पूड जखमांवर, त्वचेच्या रोगांवर लावतात, सालीचा काढा जुलाबावर देतात. कच्च्या फळाला मात्र तिथले लोक विषारी मानतात आणि तोंडात घालत नाहीत. खड्यावर वाळलेलं तरी कितपत चालतं, हे मला माहीत नाही.

खोडदच्या रस्त्याला लागले. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या शेतांच्या वर दिसायला लागल्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. एरवी माझं लक्षही जात नाही. त्या दिवशी वाटलं, सगळ्यांनी मिळून दुसरीकडे मान वळवली आहे.

भाऊ पडवीत खाटेवर होता. तोंड सुजलेलं, डोळ्यांच्या फटी झालेल्या. शेजारी बादली. भावजय उभ्या उभ्या पदराशी चाळा करत होती.

"आक्का, तू कशाला आलीस? मसाला ऱ्हायला आसंल."

"किती प्यालास?"

"काय?"

"कॉलनीतलं झाड बघून आलेय मी."

त्यानं बादली पायानं खाटेखाली सारली. मग म्हणाला, "काल सकाळपासनं. गिलास गिलास. उलट्या व्हत्यात, पर खडा हालाय लागला की उलटी व्हतीच."

"खडा हललाय का तूच हललायस, ते डॉक्टर सांगतील. ऊठ."

"तोडा चालू हाय. बाया बोलवल्यात उद्या."

"बायांना मी फोन करते."

त्याला उठवत नव्हतं. शेजाऱ्यांची गाडी बोलावली. मी स्वयंपाकघरातून एक फळ पिशवीत घातलं, डॉक्टरांना दाखवायला. वाटेत त्याला घाम फुटला तो मी हातानं पुसला आणि तो केवढ्यानं ओरडला. "आक्का, हात! मिरची!" त्यातही भावजयीला हसू आलं आणि मग ती रडली. मी खिडकीची काच खाली केली.

नारायणगावच्या दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. खडा मूत्रनळीत अडकला होता, किडनी फुगली होती, आणि उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं होतं. डॉक्टरांनी आतून नळी घातली. बाहेर येऊन म्हणाले, "आता लघवी उतरायची वाट बघायची. उद्यापर्यंत उतरली तर ठीक. नाहीतर पुण्याला डायलिसिसला न्यावं लागेल, आणि मग ते कायमचं असू शकतं."

मी फळ टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "याचा रस?"

"कच्च्याचा."

"आणखी कुणी घेतलाय का?"

मी भावजयीकडे पाहिलं. ती म्हणाली, "न्हाई. ह्यांनीच."

संध्याकाळभर खाटेखालची लघवीची पिशवी रिकामी होती. नर्स यायची, वाकून बघायची, कागदावर शून्य लिहून जायची. भाऊ गुंगीत होता. मला बसून राहता येत नाही, म्हणून मी त्याच्या पायाची नखं कापली. पाय सुजलेले होते, बोटांनी दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

उजाडलं तेव्हा पिशवीच्या तळाशी थोडंसं उतरलं होतं. लालसर, चहाच्या तळासारखं. नर्स म्हणाली, "येतंय." डॉक्टरांनी पाहिलं आणि पुण्याचं नाव काढलं नाही, पण आशाही दाखवली नाही. भावानं डोळे उघडले.

"उतरली का?"

"थोडी."

"म्हंजी किडनी ऱ्हाइली म्हणायची." त्याच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. त्यानं पाणी मागून ते ओले केले. मग म्हणाला, "आक्का, आमच्या आळीत सगळ्यांनाच खड्याचा तरास हाय. बोरचं पानी लई जड."

"बरं मग?"

"लई तोडली व्हती. वाया कुठं घालवायची? वाटली."

"कुणाकुणाला?"

त्यानं घरं सांगितली. मी भावजयीला त्याच्याजवळ बसवलं, त्या घरांतल्या माणसांना फोन लावले. कुणी उचलला नाही, सकाळी सगळे रानात. मग मिळेल त्या जीपनं थेट खोडदला गेले. भावाच्या पडवीत ओल्या गोणपाटाखाली टोमॅटोचं क्रेट होतं. आत हिरवी फळं, मोठी खाली, बारकी वर, बाजारला लावतात तशी. ते गोठ्यामागे रिकामं केलं, घमेलं घेऊन माती ओढली आणि रिकामं क्रेट कालपासून दारात उभ्या असलेल्या स्कूटरवर ठेवून आळीत शिरले.

पहिल्या घरात फळ फ्रिजमध्ये होतं. बाई म्हणाली, "रविवारी करणार व्हतो." घेतलं. दुसऱ्या घरात ते वासरापुढं टाकलं होतं आणि वासरानं तोंड लावलं नव्हतं. तेही उचललं.

शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे आबा बसले होते. पुढ्यात ताटली, ताटलीत सुरी, मीठ आणि हिरव्या साली.

"ये बाय. तुझ्या भावानं झकास माल धाडला. मीठ लावून खाल्ला. कडू लई हाय, पर काकडीगतच."

"सगळा?"

"मग? आजारी मानसानं धाडलेली वस्तू टाकायची का? जरा ढवळतंय पोटात. म्हनला व्हता तसंच. म्हनला, ढवळलं की समजा खडा हालतोय."

मी क्रेट ओट्यावर ठेवलं आणि स्कूटर त्यांच्या पायरीला लावली.

"आबा, चप्पल घाला."