आजच्यापुरती परवानगी

तळ्याकाठच्या वाटेवर त्या माणसानं फाटक बसवून कुलूप ठोकलं, तेव्हापासून मर्सी टायसननं त्याचं नाव टाकलं. ‘तो मेला’ एवढंच म्हणायची. लंडनहून आमच्या उत्तरेत आलेला पैसेवाला. काठावरचा बंगला घेतला आणि वाटही आपलीच समजला. हिमनदीनं ही दरी कोरली, तेव्हा याच्या बापाला विचारलं नसावं.

जन्मभर मेंढरं राखलेली मर्सी रोज दुपारी नवऱ्याला, आयझॅकला, घेऊन त्या वाटेनं फिरायची. त्याची फुप्फुसं खराब झाल्यावर तेवढीच सपाट वाट त्याला झेपायची. दुसरा रस्ता सगळा चढाचा. आमची दरी ज्यात येते, त्या राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत ती खेटे घालत राहिली. तिथे “बघतो, आजी” यापलीकडे काही हललं नाही. शेवटचं वर्ष आयझॅकनं खिडकीशी बसून काढलं, आणि खिडकीतून दिसायची ती गोठ्याची भिंत. मला अजून संताप येतो.

आयझॅक गेला, त्या सकाळी मर्सी माझ्या दारात उभी. “विल, खांदा द्यायचाय. तळ्याकाठनं न्यायचं.”

मला कळलं. आमच्याकडे जुनी समजूत आहे: ज्या वाटेनं शवपेटी गेली, ती वाट कायमची सगळ्यांची.

पेटी घेऊन आम्ही फाटकापाशी पोचलो. तो मेला धावत आला. चक्क टोपी काढली, कुलूप उघडलं. “आजच्यापुरती माझी परवानगी आहे,” म्हणाला. पुढे चालणाऱ्या पाद्रीबाबांनी सवयीनं आभार मानले. आमची माणसं ना! कुणी यांच्या पायावर पाय दिला, तरी हेच ‘माफ करा’ म्हणतील.

दफनानंतर चहा चालला होता. उद्यानाचा साहेब मर्सीजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, कायद्यात असलं काही नाही. उलट त्यानं परवानगी दिली आणि तुम्ही आभार मानलेत. म्हणजे वाट त्याची, हे कबूलच केलंत.”

मर्सीनं कपबशी खाली ठेवली. “म्हणजे माझ्या आयझॅकला फुकट मिरवलं?”

पाद्रीबाबा सँडविचमध्ये तोंड खुपसून बसले.

ती माझ्याकडे वळली. “पुढच्या खेपेला पेटीत मी असेन. तेव्हा या बाबांना मागे ठेव. कुणी आभार मानायचे नाहीत.”

“आणि त्यानं कुलूप उघडलं तर, काकू?”

“उघडायच्या आत तोडायचं.”