खाचरावरून वायर नेण्याची मुभा

आमच्या घरी फायबर येऊन आता वर्ष होत आलं. त्याआधी आमच्याकडं इंटरनेट म्हणजे गोठ्याची मागची भिंत. मार्गासनीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या आडोशाला आमची वाडी आहे, आणि वाडीतलं शेवटचं घर आमचं. मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त त्या भिंतीपाशी. मी पुण्यातल्या एका ऑफिससाठी विम्याच्या दाव्यांचे कागद तपासते. कुठल्या कागदात कुठला शब्द चुकीचा पडलाय, हे शोधणं माझं काम. दोन वर्षं ते मी गोठ्यामागं स्टूल टाकून, मोबाईल भिंतीच्या कोनाड्यात उभा करून केलं. मीटिंग चालू असताना म्हैस ओरडली की पुण्यातली माणसं हसायची. मीही हसायचे. म्हशीचा आवाज पोचला म्हणजे माझाही पोचत असणार, एवढी तरी खात्री व्हायची.

मग ऑफिसचं पत्र आलं. ज्याच्या घरी वायरची जोडणी असेल त्यानंच घरून काम करायचं, बाकीच्यांनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून पुण्याला येऊन बसायचं. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. आमच्या वाडीतून रोज पुण्याला जाऊन येणं म्हणजे पोरगी झोपेत सोडायची आणि झोपेतच बघायची. नाहीतर सोमवार ते शुक्रवार पुण्यात खोली घेऊन राहायचं. नोकरी सोडायची, हाही एक रस्ता होता, पण त्याचं नाव मी घरात कुणाला काढू दिलं नाही. माझं माहेर सारोळ्याजवळ. तिथून निघून कापूरहोळला एसटी बदलून मी भोरच्या कॉलेजात बी.कॉम. केलं. माहेरी पदवी घेणारी मी पहिली, आणि सासरीही पहिलीच. हे मी मिरवते. का मिरवू नये?

नशिबानं त्याच महिन्यात रस्त्याच्या खांबांवरून फायबरची वायर पुढं गेली. नवरा टेम्पो चालवतो; त्यानं तिथूनच फोन लावून जोडणीसाठी नाव दिलं. इंटरनेट आणि टीव्ही एकाच वायरीतून येणार, म्हणून सासूबाईही खूश. पावसाळ्यात आमच्याकडं चार महिने आभाळ उघडत नाही आणि डिशच्या छत्रीवरचा टीव्ही नुसता निळा पडदा दाखवतो. सासूबाई त्यांच्या मालिकेबद्दल म्हणायच्या, "लगीन ठरतं तवा पाऊस सुरू व्हतो, आन् पाऊस थांबतो तवा बारसं झाल्यालं असतं. मधलं म्या कधी बघितलंच न्हाई."

भात निघालं होतं, खाचरं मोकळी होती. जोडणी करायला कापूरहोळहून चाळिशीचे एक गृहस्थ आले. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, हातात शिडी. खांबापासून आमच्या दारापर्यंत नजर टाकून म्हणाले, "ताई, सरळ नेली तर वायर पुरते. ओढ्याकडनं वळसा घातला तर मधी तीन खांब लागतील. ते मंजूर होऊन यायला दोन-तीन महिने धरा."

सरळ म्हणजे तात्यांच्या खाचरावरून. तात्या माझे चुलत सासरे. सासरे वारल्यापासून आमच्या घरातलं वडीलधारं माणूस तेच, पण घर त्यांचं वेगळं आणि रान वेगळं. शिडी त्यांच्या बांधावरच्या आंब्याला टेकली तशी ते खळ्यावरनं हातातलं सूप घेऊनच आले.

"काय चाललंय?"

"फायबर, तात्या. ह्या ताईंच्या घरी," जोडणीवाले म्हणाले.

"मग सूनबाईच्या घरावनं न्या."

"वरून जाणार आहे हो. जमिनीला लागणार पण नाही."

"आंब्याला बांधनार न्हवं? तो आंबा कुनाचा? आज गाठ मारा, उद्या म्हनाल आंबा बी आमचा."

जोडणीवाल्यांनी शिडी काढली, चहा घेतला आणि गेले. जाताना म्हणाले, "तुमचं तुम्ही मिटवा ताई. मिटलं की फोन करा, दुसऱ्या दिवशी येतो."

संध्याकाळी नवरा तात्यांकडं जाऊन आला. तासभर बसला, शेंगा खाल्ल्या आणि हात हलवत परतला. "वहिवाट पडंल म्हणत्यात," तो म्हणाला. मी म्हटलं, "वायरीची कसली वहिवाट? त्यावरनं काय बैल चालणारेत?" तो म्हणाला, "हे त्यांना जाऊन सांग की. बी.कॉम. तू झालीयस."

म्हणून सकाळी मीच गेले. तात्या भात वारवत होते. मी पाटी उचलून धरू लागले, कारण रिकाम्या हातानं उभं राहिलेल्या माणसाशी ते बोलत नाहीत. थोड्या वेळानं आपण होऊन सुरू झाले.

"माझ्या बापानं खालच्या बांधावनं एकाचं बैल जाऊ दिलं. नांगरटीपुरतं. बैलामागं गाडी गेली. गाडीमागं ट्रॅक्टर. आन् वीस वर्सांनी मामलेदाराम्होरं तो मानूस सांगतो, ही आमची वहिवाट हाय. दोन गुंठं रस्त्यात गेलं, सूनबाई. बाप मरस्तवर म्हनत हुता, म्या तर नुसतं व्हय म्हनलो."

"पण तात्या, ही वायर केसाएवढ्या काचेची आहे. तिच्यातनं फक्त उजेड जातो."

"बैल बी पहिल्यांदा येकच गेला हुता."

मग मी सोमवारचं सांगितलं. पुण्याची खोली सांगितली, पोरीचं सांगितलं. तात्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोर हितं न् तू तिकडं? ह्ये न्हाई बरं." मग थोडा विचार करून म्हणाले, "लिवून दे. शिकल्याली हायेस. कागदावर लिवून दे, मंग बघू."

मला वाटलं, जिंकलं. कागद हा तर माझा प्रांत. दुपारी फुलस्केपचा ताव घेतला आणि झोकात मजकूर लिहिला. आमचे चुलत सासरे यांनी मोठ्या मनाने त्यांच्या खाचरावरून इंटरनेट व टीव्हीची वायर नेण्याचा हक्क आम्हांस दिला असून त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. अक्षर असं काढलं की परीक्षेतही तसं काढलं नसेल.

तात्या चौथी शिकलेत. कागद हातात न घेता म्हणाले, "वाच." मी वाचला. 'हक्क' शब्दापाशी त्यांनी हात वर केला.

"काय दिला?"

"हक्क."

"कुनी?"

"तुम्ही."

"म्या? कवा?"

"तात्या, तसं लिहायची पद्धत असते. शब्द आहे तो."

"बैलाचा बी शब्दच हुता. सूनबाई, पंधरा वर्सं साळंत घातली तुजी, आन् हक्क न् मुभा ह्येतला फरक कळंना व्हय?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू? चौथी शिकलेल्या माणसानं माझ्या कागदावर बोट ठेवावं, तेही माझ्या रोजच्या कामातल्या गोष्टीवर. कागद घडी करून घरी आले आणि गोठ्यामागच्या भिंतीशी जाऊन भोरच्या एका वकीलबाईंना फोन लावला. कॉलेजात त्या माझ्या पुढं दोन वर्षं होत्या. सगळं सांगितलं, त्या हसतील या आशेनं. त्या हसल्या, पण माझ्यावर.

"अगं, तुझे सासरे बरोबर बोलतायत. परवानगीनं वापरलं तर त्यातून हक्क तयार होत नाही. तू तर हक्कच लिहून घ्यायला निघालीस! तो शब्द काढ. आणि ते म्हणतील तेव्हा वायर काढून घेऊ, हेही घाल. म्हातारा कोर्टात बसला असता तर आमची पोटं भरली नसती."

मी मोबाईल कोनाड्यात ठेवला. दुसऱ्यांच्या कागदातले शब्द पकडते म्हणून मला पगार मिळतो, आणि माझ्याच कागदात बसलेला मला दिसला नाही. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. असा माणूस आपल्या घरातला आहे, याचं.

नवीन कागद लिहायला घेतला तेव्हा नवरा शेजारी बसला होता. मी वाचून दाखवलं. तात्यांच्या परवानगीने वायर नेण्याची मुभा आहे, त्यात आमचा कोणताही हक्क नाही, आणि तात्या सांगतील तेव्हा आम्ही वायर काढून घेऊ.

"अगं थांब," तो म्हणाला. "उद्या पाण्याच्या पाळीवरनं वाजलं, मग? एका शब्दात तुझी नोकरी जाईल."

"जाईल."

"मग कशाला लिहितेस?"

"मग वाजवू नकोस त्यांच्याशी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "लिव गं पोरी. गेली तीस वर्सं त्यांच्याशी वाजवायची म्हनतीय, अजून जमलं न्हाई."

तात्यांनी दुसरा कागद डोळे मिटून ऐकला. मुभा हा शब्द आला तशी मान हलवली. म्हणाले, "आता कसं." आम्हा नवरा-बायकोच्या सह्या घेतल्या, सासूबाईंचीही घेतली, आणि कागद सातबाऱ्याच्या पिशवीत घातला. पिशवीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "त्या फायबरवाल्याला सांग, उद्या सकाळी ये. उनाच्या आत."

दुसऱ्या दिवशी मुकादम तेच झाले. आंब्याला खिळा मारायचा नाही, फांदी सोलायची नाही, वायर आणि सालीच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा. "ढील द्या जरा, वाऱ्यात झाड हालतंय," हेही त्यांनीच सांगितलं. जोडणीवाले मला हळूच म्हणाले, "ताई, ह्यांना आमच्याकडं लावा कामाला." शेवटी त्यांनी खांबाशी जाऊन वायरीच्या एका टोकाला पेनासारखी लाल बत्ती लावली, आणि आमच्या ओसरीवर दुसऱ्या टोकाला लाल ठिपका उमटला. तात्या वाकून बघत राहिले. म्हणाले, "एवढं लांब आला, आन् वाटंत कुटं सांडला न्हाई?"

दुपारी टीव्ही लागला. सासूबाईंना एवढ्या वाहिन्या मिळाल्या की पहिले दोन दिवस त्यांची मालिका सापडलीच नाही. रिमोट हातात घेऊन म्हणायच्या, "ह्यो बाजार झाला, माजं दुकान कुटं हाय?" तिसऱ्या दिवशी सापडलं. मी खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलं. गोठ्यामागचं स्टूल धार काढायला गेलं.

सोमवारी सकाळी दहाला ऑफिसच्या साहेबांनी तपासणीसाठी कॉल लावला. मी वेणी घालून, चांगली साडी नेसून बसले होते. मुलगी टेबलाखाली बाहुलीला भात भरवत होती. साहेबांनी स्पीड बघितला, चेहरा नीट दिसतोय म्हणाले, आवाज स्वच्छ आहे म्हणाले. तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा सुरू झाला. खिडकीतून बघते, तर तात्यांच्या खाचरात पेंढ्यांची ट्रॉली उभी होती, वैरण पार घरापेक्षा उंच भरलेली. वायर तिच्या टोकापासून हातभर लांब असेल. ट्रॉलीसमोर तात्या दोन्ही हात पसरून आडवे उभे.

"पयलं दोन थर काढा वरचं!"

"अहो तात्या, जाईल खालनं, वाकवून घेतो."

"वाकवतो म्हनं! वर सूनबाईचं हापीस हाय. ती आत कामाला बसलीया. काढा!"

साहेबांनी कान जवळ आणला. "काय चाललंय तिथं? कोण ओरडतंय?"

"आमचे तात्या," मी म्हटलं. "जोडणी तेच बघतात."

"अच्छा, म्हणजे माणूस आहे जागेवर. मग काही अडचण नाही. घरून काम मंजूर."

बाहेर माणसं शिव्या घालत, हसत पेंढ्या खाली टाकत होती. तात्या एकेक पेंढी बांधावर नीट रचून ठेवत होते. मी माईक बंद केला, मुलीच्या बाहुलीचा भात की-बोर्डवरून झटकला आणि दिवसातला पहिला दावा उघडला.