फिकी रेघ

"तुमच्या लोकांत तर पटापट होतात मुलं. तुझंच कुठं अडलं?"

डॉक्टर मॅडमनं हे विचारलं तेव्हा मी टेबलावर आडवी होते. कमरेखाली नुसती हिरवी चादर. सोनोग्राफी चालू. दार अर्धं उघडं. बाहेर बाकावर सात-आठ बाया, आणि दाराशी माझा नवरा. मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. माझ्या आधीच्या पाटल्यावाल्या बाईला 'अहो ताई, सावकाश उतरा' म्हणाल्या होत्या. मला तू. फायलीवर आडनाव मोठ्या अक्षरात होतं, ते वाचलं की काहींची जीभ आपोआप वळते.

मी गप्प राहिले. मी! सेलूच्या बाजारात मी आवाज दिला तर कारंज्याच्या ढाब्यावर उभा असलेला ट्रक गिअरमध्ये पडतो. आमचे सरपंच ग्रामसभेत मला पाहून आधीच 'मंजूर' म्हणतात. मी आशा वर्कर आहे, बारा वर्षांपासून. आमच्या गावात रांगणारं, धावणारं, शाळेतून पळणारं जे काही आहे, ते सगळं माझ्या रजिस्टरमधून बाहेर पडलं आहे. एकीला मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंत केलं, ट्रॉली न थांबवता. दुसरीचं बाळ येईना, तर मी बाहेरून असा दम दिला की ते हात जोडून आलं. हे खोटं म्हणणारी बाई अजून जन्माला यायची आहे. आली तर तिचीही नोंद मलाच करावी लागेल.

माझं स्वतःचं मात्र एक नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. वय अडतीस.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंडी कमी उरली आहेत, वेळ दवडू नको. मग गोळ्या दिल्या आणि पट्ट्या. पाळीच्या अकराव्या दिवसापासून रोज एक पट्टी लघवीत बुडवायची. अंडं सुटायच्या आधी ती सांगते. रेघ आली की दवाखान्यात फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी जायचं. नवऱ्याचं वीर्य धुऊन नळीनं माझ्या गर्भपिशवीत सोडायचं. दिवस चुकला तर तो महिना गेला.

पट्ट्यांच्या डब्यात एक कागद होता. घडी उघडली तर सतरंजीएवढा, आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं. सगळं इंग्रजी. मी सिस्टरला विचारलं, हे जरा समजावून सांगा. तिनं मान वर केली नाही.

"तुम्ही आशा ना? मग तुम्हाला काय सांगायचं. प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखंच असतं."

आणि तिथंच मी मेले.

कारण प्रेग्नन्सीची पट्टी मला झोपेत वाचता येते. तिचा नियम आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतला होता, आणि मी तो गावाला घोटून पाजला होता: दुसरी रेघ फिकी असली तरी ती रेघच. दिसली म्हणजे आहे. कितीतरी पोरी फिकी रेघ पाहून माझ्यापुढं रडवेल्या व्हायच्या. मी म्हणायची, अवं बाई, फिकी काऊन म्हणतं, ते तुझं लेकरू लाजून राह्यलं.

पट्टी दुपारी करायची, आणि आधी दोन तास पाणी प्यायचं नाही, एवढं मॅडमनी सांगितलं होतं. वर्ध्याच्या मे महिन्यात दोन तास बिनपाण्याचं घरोघरी फिरून पाहा. जीभ टाळूला अशी चिकटायची की उलथनं घालून सोडवावी लागेल. मग अंगणवाडीच्या संडासात, खोकल्याच्या औषधाच्या टोपणात पट्टी बुडवून मी उभी. अकराव्या दिवशीच दुसरी रेघ उमटली. फिकी. उजेडात धरली, तिरकी धरली. होती. मी तिथंच भिंतीला टेकून हसले.

फोन केला. सिस्टरनं विचारलं, "दोन लाइनी आल्या?" मी म्हटलं, "आल्या." ती म्हणाली, "उद्या या." एवढंच बोलणं.

असं तीन महिने. माझा नवरा टेम्पोवर आहे, बागायतदारांची वांगी-टमाटे बाजारात पोचवतो. तीन वेळा त्यानं गाडी दुसऱ्याच्या हाती दिली. तीन वेळा प्लास्टिकची डबी घेऊन तो दवाखान्याच्या संडासात गेला, आणि बाहेर येताना ती रुमालाखाली झाकून आणली. उभ्या बाजारात दलालाशी भांडणारा माणूस. त्याची मान मी तिथं पहिल्यांदा खाली पाहिली.

तिसऱ्या वेळेला मला खात्री होती. पंधरा दिवसांनी एका बाळंतिणीच्या घरी बाळाचं वजन करायला गेले. आढ्याला काटा टांगला, झोळीत बाळ ठेवलं. काट्याचा आकडा वाचत असतानाच मांड्यांत ओल लागली. मी आकडा बाळाच्या कार्डावर लिहिला. आईला दाखवला. बाळाला तिच्या मांडीवर दिलं, अंगावर पाजायचं कसं ते पुन्हा सांगितलं. मग त्यांच्या न्हाणीत जाऊन, नळ मोठा सोडून, तोंडात पदर कोंबला.

त्यानंतरची ही चौथी खेप. या वेळी मॅडमनी नळी घालायच्या आधी सोनोग्राफी केली. 'तुझंच कुठं अडलं' हे विचारून झाल्यावर त्या पडद्याकडे पाहून थांबल्या.

"अंडं तर अजून लहान आहे. रेघ कशी आली?"

मी उठून लुगडं गुंडाळलं आणि पिशवीतून वही काढून दिली. आशाची सवय. प्रत्येक पट्टी वाळवून चिकटपट्टीनं लावलेली, खाली तारीख. मॅडमनी दोन पानं उलटली आणि हसायला लागल्या. वही दाराकडं उंच धरली.

"सिस्टर, हे बघा. फिकी रेघ बघून पळत येते ही. अगं, गडद लागते, पहिल्या रेघेएवढी गडद. तीन महिने वाया घालवलेस. आणि हिला आशा नेमलंय."

बाकावरही कोणीतरी हसलं.

मला हसू ऐकू आलं, पण मी पाहत होते ते वहीचं पान. दुसऱ्या महिन्याचं. नळी घालून आल्यावर एक पट्टी उरली होती. फुकट कशाला घालवा म्हणून मी ती तीन दिवसांनी बुडवली होती. तिची दुसरी रेघ काजळासारखी काळी. तेव्हा मला वाटलं होतं, पाहा, औषध लागू पडून राह्यलं. तो दिवस होता. तोच. त्या दिवशी मी गावात पोलिओच्या याद्या करत फिरले होते.

नवरा आत आला. हळूच म्हणाला, "चाल वं. घरी जाऊ. काऊन ऐकून राह्यली?"

मी खुर्चीवर बसले. ज्या खुर्चीवर पाटल्यावाली बसली होती, त्याच.

"मॅडम, तुमच्या सिस्टरनं फोनवर इचारलं, दोन लाइनी आल्या का. गडद का फिकी, हे कोनं इचारलं? तीन येळा तुम्ही नळी घातली. पट्टी दाखव म्हणून एकदा तरी म्हटलं?"

"बाहेर बस. इतर पेशंट आहेत."

"फायलीत लिहा. तिन्ही खेपेला दिवस चुकला, अन् दवाखान्यानं पट्टी पाह्यली नाई."

"फाइलमध्ये असलं काही लिहीत नसतात."

फाइल टेबलावर उघडी होती. सगळं इंग्रजी. पण तीन तारखांपुढं तीनदा एकच शब्द होता, आणि दहावीत गणितानं तो मला नीट शिकवलेला आहे. फेल. माझ्या नावाखाली. माझी कूस फेल.

आमच्या कामात जे लिहिलं नाही ते झालंच नाही. बारा वर्षं मी हेच ऐकत आले.

मी फाइल ओढली आणि माझ्या पेनानं, मराठीत, ठसठशीत लिहिलं: 'तिन्ही वेळा चुकीच्या दिवशी केलं. पट्टी कशी वाचायची ते सांगितलं नाही. विचारलं होतं.' खाली सही. आडनावासकट. सिस्टर फाइल ओढायला आली, तोवर शाई वाळली होती. मॅडम पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "अहो, हे काय करताय तुम्ही?" मी वही त्यांच्या हातातून काढून घेतली.

टेम्पोत नवऱ्यानं सेलूपर्यंत गाडी दामटली. मग म्हणाला, दुसरीकडं जाऊ, नागपूरला. मी रडत रडतच मान हलवली.

जाईन. अंडी थोडी उरलीत, कदाचित उशीर झाला असेल. हा धरून चार महिने गेले, ते कोणी परत देणार नाही, आणि मीही कोणाला माफ करणार नाही. पण दिवस कोणता, काय करताय, कशासाठी, हे माझ्या भाषेत मला समजेपर्यंत सांगितल्याशिवाय आता कोणाचाही हात माझ्या अंगाला लागू देणार नाही. त्यापायी लेकरू झालं नाही, तर न होवो.