निरोगी म्हणून दिलेलं रक्त

जुन्नरच्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करते. मुक्काम तिथंच, भाड्याच्या खोलीत, एकटीचा. आमच्याकडं एक नवी तपासणी सुरू व्हायची होती. शरीर स्वतःवरच उलटलंय का, याच्या खुणा रक्तात शोधायच्या. पडताळणीसाठी काही निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. मी हात पुढं केला.

डॉक्टर मॅडमनी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग मला बघायला सांगितलं. काळ्यावर हिरवे, मंद ठिपके. त्याच खुणा, माझ्या रक्तात.

"धडधाकट माणसातही सापडतं हे," त्या म्हणाल्या. लघवी, रक्ताच्या बाकीच्या तपासण्या, सगळं केलं; स्वच्छ निघालं. "त्रास नाही ना? मग विसरून जा."

निरोगींच्या यादीतून मात्र माझं नाव त्यांनी खोडलं.

त्यानंतर मी सकाळी उठल्या उठल्या, सांधे आखडलेत का म्हणून, बोटं मिटून बघायला लागले. कंगव्यातले केस मोजायला लागले. गावी, निमगाव सावाला, भावाला फोन करून सांगितलं.

"मग हाय का न्हाई?" त्यानं विचारलं.

"सांगता येत नाही."

"रिपोर्टात तर सगळं येतं की!" तो म्हणाला आणि कांद्याच्या भावावर आला.

पुढं एकदा भीमाशंकरकडच्या डोंगरातली एक बाई गुडघे धरून आली. तिच्या रिपोर्टवरही तेच: किंचित पॉझिटिव्ह.

"म्हंजी हाय का न्हाई, ताई?"

एरवी मी खिडकीतूनच 'डॉक्टरांना दाखवा' म्हणते. त्या दिवशी बाहेर जाऊन बाकावर तिच्याशेजारी बसले. "नुसत्या ह्या कागदावरून ठरत नाही, मावशी. गुडघे दुखतात, तर डॉक्टरांना दाखवाच. माझ्याही रक्तात हेच निघालंय."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमच्या घरी कोण हाय?"

"कुणी नाही."

"मंग लई जड जात आसंल," ती म्हणाली आणि माझ्या मनगटावर हात ठेवून बसली. एसटीची वेळ होईपर्यंत तिनं तो काढला नाही.

ती पुन्हा आली नाही. तिचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. वर्षानं मी माझी तपासणी परत केली. ठिपके तेवढेच, ना कमी ना जास्त. भावाला कळवलं नाही.